गेला तेवढा परत आला पाहिजे

(राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, सोसायटीच्या अंगणात सहावी ते आठवीच्या मुलांपुढे दिलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवेल तसं लिहून काढलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



अध्यक्षसाहेबांनी माझी ओळख करून देताना सांगितलं की काका आज तुम्हाला विज्ञान शिकवणार. तसं काही नाही बरं का. मी बी.कॉम. झालेला माणूस. सगळी नोकरी बँकेत गेली. पण आजचा दिवस ज्यांच्या शोधामुळे साजरा होतो, ते सर सी. व्ही. रामनसुद्धा आधी सरकारच्या हिशेबखात्यात होते. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं त्यांनी कलकत्त्यात आणि इतर ठिकाणी ती नोकरी केली, आणि ऑफिस सुटल्यावर प्रयोग केले. पुढे १९२८ साली २८ फेब्रुवारीला त्यांचा मोठा शोध लागला. तेव्हा हिशेबवाल्या माणसाने विज्ञानावर बोलू नये असा काही नियम नाही, एवढंच माझं म्हणणं.

जे सांगणार आहे ते मी शाळेत शिकलो नाही. वयाच्या पासष्टाव्या वर्षी शिकलो. का शिकावं लागलं, ते शेवटी सांगेन.

आता या टेबलाकडे बघा. दोन सेल आहेत, दीड-दीड व्होल्टचे. टॉर्चचा एक छोटा बल्ब आहे. वायरचे तुकडे आहेत. सेलच्या वरच्या टोकापासून वायर बल्बला लावली. लागला? नाही लागला. आता बल्बच्या दुसऱ्या बाजूने वायर काढून सेलच्या खालच्या टोकाला टेकवतो. लागला! हात काढला की विझला.

यातून काय समजलं? वीज नुसती बल्बपर्यंत पोचून भागत नाही, तिला परत यायला वाट लागते. सेलच्या एका टोकातून निघायचं, बल्बमधून जायचं, दुसऱ्या टोकाला परत यायचं. हा जो पूर्ण फेरा, त्याला पुस्तकात परिपथ म्हणतात, आपण सर्किट म्हणतो. कुठेही तुटला की सगळं बंद. भिंतीवरचं बटण म्हणजे तरी काय? मुद्दाम ठेवलेली तुटकी जागा. दाबली की जोडली जाते.

आणखी एक गोष्ट. बल्ब करंट खाऊन टाकतो असं पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. तसं होत नाही. जेवढा करंट बल्बमध्ये शिरतो तेवढाच बाहेर पडतो. बल्ब घेतो ती ऊर्जा, करंट नाही. बँकेत आम्ही संध्याकाळी कॅश टॅली करायचो. आलेली किती, गेलेली किती, हातात किती. एक रुपया कमी पडला तरी कोणी घरी जायचं नाही. सर्किटचाही तसाच हिशेब आहे. गेला तेवढा परत आला पाहिजे. हे एक वाक्य आज लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आता तीन शब्द. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम. आपल्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. तो जोर म्हणजे व्होल्टेज, पुस्तकातलं विभवांतर. नळातून सेकंदाला किती पाणी वाहतं, तो करंट, म्हणजे विद्युतधारा. तो अँपिअरमध्ये मोजतात. आणि पाइप बारीक असला, लांब असला, आत क्षार साचले असले तर पाण्याला अडथळा होतो. तसा विजेला होणारा अडथळा म्हणजे रोध. तो मोजायचा ओहममध्ये. टाकीचं उदाहरण एका ठिकाणी मात्र लंगडं पडतं. पाइप फुटला तर पाणी वाहून जातं, वायर तुटली तर वीज सांडत नाही, थांबते.

हा ओहम कोण? गेऑर्ग ओहम, जर्मनीतला. जन्म १७८९ चा. वडील कुलपं बनवायचे. स्वतः शिकलेले नव्हते, पण पोराला त्यांनी घरीच गणित शिकवलं. हा पुढे कोलोन शहरात शाळामास्तर झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेतल्या आणि कोणत्या तारेतून किती करंट जातो ते मोजत बसला. त्या काळचे सेल मिनिटामिनिटाला उतरायचे, माप बिघडायचं. मग त्याने दोन धातूंचा जोड घेतला, त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं, आणि त्यातून निघणारी स्थिर वीज वापरली. १८२७ साली पुस्तक काढलं. नियम एका ओळीचा: व्होल्टेजला रोधाने भागा, करंट मिळतो. जर्मनीत कोणी फारसं विचारलं नाही. नोकरीही सोडावी लागली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ले पदक दिलं, तेव्हा घरच्यांना किंमत कळली. आपल्याकडेही असंच होतं, नाही का?

त्याच्याही आधी इंग्लंडात हेन्री कॅव्हेंडिश नावाचा शास्त्रज्ञ होता. त्याच्याजवळ करंट मोजायचं यंत्र नव्हतं. मग तो स्वतःच्या अंगातून झटका जाऊ द्यायचा आणि कुठला जास्त, कुठला कमी ते मनात नोंदवायचा. त्यातून त्याला जवळजवळ हाच नियम सापडला होता, पण त्याने छापला नाही. शंभर वर्षांनी, १८७९ साली, मॅक्सवेलने त्याचे कागद प्रसिद्ध केले. हे सांगितलं याचा अर्थ कोणी करून बघायचं असा नाही! माणसाचं शरीरसुद्धा सर्किटमधला एक भाग होऊ शकतं, हे कळावं म्हणून सांगितलं.

आता ओहमचाच प्रयोग करू. ही जुन्या शेगडीची कॉइल आहे. नायक्रोम नावाच्या मिश्रधातूची. तांब्याच्या साठपटीहून जास्त रोध. बल्बच्या वाटेत ही कॉइल घातली. आधी दोनच वेटोळी घेतो. बल्ब थोडा मंद झाला. आता क्लिप पुढे सरकवत नेतो. चार... सहा... दहा... बघा, नुसता लाल तंतू दिसतोय. तार लांब, रोध जास्त, करंट कमी. तार जाड केली तर उलट होतं, रोध कमी होतो. शेतात मोटर डीपीपासून लांब असेल आणि केबल बारीक असेल, तर मोटर जोर का धरत नाही आणि गरम का होते, याचं उत्तर या कॉइलमध्ये आहे. वाटेतच व्होल्टेज खर्ची पडतं.

घरातले आकडे करून बघू. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब घ्या. साठला २३० ने भागलं की पाव अँपिअरहून थोडा जास्त करंट. आताचा नऊ वॅटचा एलईडी, त्याचा तर ०.०४ अँपिअर. इस्त्री हजार वॅटची, ४.३ अँपिअर. गिझर दोन हजार वॅटचा, ८.७ अँपिअर. आता इस्त्री आणि गिझर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावले तर? तेरा अँपिअर. आणि बोर्ड असतो सहा अँपिअरचा, वायर दोऱ्यासारखी. ती वायरच शेगडीची कॉइल व्हायला लागते. प्लग सैल असेल तर आणखी वाईट. सैल जागी रोध वाढतो आणि सगळी उष्णता त्या एका ठिपक्यात जमते. प्लगची पिन काळी पडली, बोर्ड पिवळा पडला, जळका वास आला, की समजायचं इथे नको तिथे रोध आहे.

दोन-तीन उपकरणं जोडायच्या पद्धती दोन. एकसर आणि समांतर. एकसर म्हणजे एकामागे एक. दिवाळीची जुनी माळ आठवा. सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस बल्ब रांगेत, मिळून २३० व्होल्ट वाटून घ्यायचे. एक गेला की अख्खी माळ विझायची, आणि मग घरातला कर्ता पुरुष रात्री अकरापर्यंत एकेक बल्ब फिरवत बसायचा. समांतर म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र वाट. आपल्या घरातलं सगळं वायरिंग समांतर. म्हणून स्वयंपाकघरातला दिवा विझवला तरी टीव्ही चालू राहतो.

समांतर जोडणीत एक गंमत आहे. बँकेत एकच काउंटर असलं तर रांग हळू सरकते. दुसरं उघडलं की एकूण माणसं जास्त सुटतात. तसं समांतर जितकी उपकरणं जोडाल तितका एकूण रोध कमी होतो आणि मेन वायरमधला करंट वाढतो. तो मर्यादेबाहेर गेला की वायर जळण्याआधी सर्किट तुटावं म्हणून फ्यूज किंवा एमसीबी असतो. पूर्वी फ्यूज उडाला की काही हुशार मंडळी तांब्याची जाड तार गुंडाळायची. पुन्हा उडत नाही म्हणून खूश. अरे, उडणं हेच त्याचं काम आहे! वॉचमनला झोपेच्या गोळ्या द्यायच्या आणि म्हणायचं, आता शिट्टीचा त्रास नाही.

आता शेवटचा प्रयोग, आणि सगळ्यात महत्त्वाचा. हा एक लहान एलईडी दिवा, त्याच्याबरोबर रोधक, आणि नऊ व्होल्टची बॅटरी. सर्किट मध्ये तोडलं आहे आणि दोन्ही टोकं या ग्लासातल्या पाण्यात सोडली आहेत. दिवा जेमतेम लुकलुकतोय. आता चमचाभर मीठ टाकतो, ढवळतो. बघा कसा लख्ख लागला. खारं पाणी विजेला चांगली वाट देतं. आणि आपला घाम कसा असतो? खारट. आपलं रक्त? तेही खारट.

माणसाच्या कोरड्या कातडीचा रोध लाखभर ओहमपर्यंत असू शकतो. ओमनियम लावा... माफ करा, ओहमचा नियम लावा. २३० भागिले एक लाख. दोन-सव्वादोन मिलिअँपिअर. म्हणजे नुसती झिणझिणी. पण या भरवशावर राहू नका, कारण २३० व्होल्टला कातडीचा हा रोध टिकत नाही, ढासळतो. आणि कातडी ओली असली तर तो हजार ओहमवर येतो. २३० भागिले हजार. २३० मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळतात, माणूस ठरवूनही पकड सोडू शकत नाही. वीज माणसाला "पकडते" असं आपण म्हणतो. वीज कुठली पकडते, आपलीच मूठ मिटते. आणि त्याच्या कितीतरी वर गेलं की हृदयाचा ठेका बिघडतो.

आता सांगतो मी हे सगळं का शिकलो.

नऊ वर्षांपूर्वी मी या सोसायटीचा खजिनदार होतो. आपल्याकडे चार घरांमागे एक अर्थिंगचा खड्डा आहे. मागच्या बोळात सिमेंटची झाकणं दिसतात ना, तेच. त्यात एक धातूची प्लेट खोल पुरलेली, भोवती कोळसा आणि मीठ, आणि वर पाणी घालायला नळी. घरातल्या तीन पिनच्या प्लगमधली ती वरची जाड पिन आहे ना, ती वायरने या प्लेटला जोडलेली असते. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात "अर्थिंग खड्डे, देखभाल" अशी एक ओळ होती. मी लाल पेनने ती मारली. म्हणालो, जमिनीत पाणी ओतायचे कसले पैसे? सभेत शिल्लक दाखवली, टाळ्या मिळाल्या. इतिवृत्तात ते सगळं आहे, कोणालाही वाचता येईल.

पुढच्या मे महिन्यात मुलगा-सून सुट्टीत उंद्रीला आले होते. नातू तेव्हा आठ वर्षांचा. आपल्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे. दुपारी कूलरशिवाय जीव राहत नाही. आमचा कूलर पत्र्याचा, जुना. मी पडलो होतो. पोरगं म्हणालं, "आबा, पाणी मी टाकतो." मी म्हटलं, टाक. कूलर बंद करायला मी सांगितलं नाही आणि त्याने केला नाही. अनवाणी, खाली सांडलेलं पाणी, हातात बादली. त्याने दुसरा हात पत्र्यावर टेकवला.

ओरडला नाही. तेच मला अजून ऐकू येतं, की आवाज आला नाही. बादली पडली तो आवाज आला. आमची ही स्वयंपाकघरातून धावली. तिने पोराला हात लावला नाही. आधी मेन स्विच पाडला. मग त्याला ओढलं. तिला हे कोणी शिकवलं होतं? कोणी नाही. लहानपणी शेतात मोटरपाशी एक प्रसंग तिने बघितला होता, एवढंच. मी मात्र पलंगावरून उठून त्याला धरायलाच निघालो होतो. धरलं असतं तर आज हे भाषण झालं नसतं.

पोरगं वाचलं. डॉक्टरांनी रात्रभर लक्ष ठेवलं. आता तो बारावीला आहे. उजव्या तळहातावर पांढरा डाग आहे. फोनवर अजून मला चिडवतो, "आबा, कूलर बंद आहे ना?"

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. कूलरच्या पंपाच्या वायरचं आवरण पाण्याने कुजलं होतं, फेजची तार पत्र्याला टेकली होती. मी म्हटलं, "पण तीन पिनचा प्लग आहे, अर्थिंग आहे, मग एमसीबी का नाही पडला?" तो मला मागच्या बोळात घेऊन गेला. झाकण उचललं. म्हणाला, "काकाजी, हे पाहा, खड्डा कोरडा ठणठणीत. किती वर्षं पाणी नाही टाकलं याच्यात?" त्याने मीटर लावून मोजलं. शंभर ओहमच्या वर.

मी घरी येऊन वही काढली आणि हिशेब केला. मुलांनो, तुम्हीही करा. डीपीकडचा रोध सोडून देऊ. खड्डा चांगला असता, समजा पाच ओहमचा, तर २३० भागिले पाच, छेचाळीस अँपिअर. एमसीबी टिकूच शकला नसता. पंप बिघडल्यावर काही वेळातच लाइन गेली असती, मी चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण खड्डा शंभर ओहमचा. २३० भागिले शंभर, २.३ अँपिअर. सोळा अँपिअरच्या एमसीबीला वाटलं, चालू असेल एखादं लहान उपकरण. तो झोपून राहिला. पत्र्यावर जवळजवळ सगळे २३० व्होल्ट तसेच. आणि मग हजार ओहमचं ओलं पोरगं आलं.

आणखी एक बघा. उन्हाळ्यात जमीन सुकते. कोरड्या मातीचा रोध वाढतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत आपले कूलर चालतात, नेमका त्याच दोन महिन्यांत अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. पाणी टाकायचं ते याच दिवसांत. मी जी ओळ मारली ती ही होती.

त्यानंतर आम्ही खड्डे नव्याने भरून घेतले, आणि वायरमनच्या सांगण्यावरून घराघरात आरसीसीबी बसवला. हे यंत्र मला फार आवडलं, कारण ते आमच्या जातीचं आहे, हिशेबनीस. फेजची आणि न्यूट्रलची, दोन्ही वायरी त्याच्या आतल्या एका कड्यातून जातात. जाणारा करंट आणि येणारा करंट सारखा असेल तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडतं, सगळं शांत. पण थोडा जरी करंट न्यूट्रलने परत न येता पत्र्यातून, माणसातून, जमिनीत गेला, तर टॅली जुळत नाही. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या लहानशा भागात तो लाइन तोडतो. तो का, कोण, कुठे असं काही विचारत नाही. गेला तेवढा परत आला नाही, बंद!

पण त्यालाही एक गोष्ट कळत नाही. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, तर त्याचा हिशेब जुळतो. गेला तेवढा परत आला, फक्त माणसातून. तेव्हा आरसीसीबी आहे म्हणून बोर्डात बोटं घालायची नाहीत. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बटण आहे, ते महिन्यातून एकदा दाबून बघायचं. लाइन पडली पाहिजे. नाही पडली तर वायरमनला बोलवा.

आता मुलांना घरचा अभ्यास. एक, आज घरी जाऊन ते बटण दाबायला लावा, बाबांना विचारून. दोन, कूलर, फ्रीज, वॉशिंग मशीन यांचा प्लग तीन पिनचा आहे का बघा. वरची पिन कोणी कापली असेल तर आजीला नाव सांगा. तीन, कूलरमध्ये पाणी टाकायचं तर आधी बटण बंद आणि प्लग बाहेर, पायात चप्पल. चार, कोणाला करंट लागलेला दिसला तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन बंद. मेन कुठे आहे हे घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही माहीत पाहिजे, आणि त्याचा हात तिथे पोचला पाहिजे. स्टूल ठेवा. प्रयोग करायचे ते फक्त सेलवर. भिंतीतली वीज प्रयोगासाठी नाही.

आणि मोठ्यांना एक विनंती. पंचवीस वर्षांच्या जमाखर्चात आपण कमान, रंग, बागेतली बाकं, सगळं दाखवतो, आणि दाखवावं. पण अर्थिंगच्या खड्ड्याचे पैसे दिसत नाहीत. चांगला खड्डा म्हणजे काहीच घडलं नाही, आणि काहीच घडलं नाही याला कोणी टाळ्या वाजवत नाही. माझ्यासारखा एखादा हुशार खजिनदार पुन्हा येईल आणि लाल पेन काढेल. त्याला तेव्हा हे पान दाखवा.

मार्चच्या पहिल्या रविवारपासून सहावी ते आठवीची मुलं दर आठवड्याला मागच्या बोळातल्या सगळ्या खड्ड्यांत एकेक बादली पाणी टाकणार, असं आत्ताच पुढच्या रांगेने कबूल केलं आहे. नोंदवही मी ठेवीन. तेवढं मला येतं.